थंडी नाही वाजत का?

थंडीच्या बाबतीत निफाडनं आमच्यावर कायम अन्याय केला आहे. डिसेंबर लागला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत निफाडचा पारा छापून येतो. तो मोजतात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. आता तिथं यंत्र आहे, नोंदवही आहे, सरकारी माणूस आहे, म्हणून तिथली थंडी खरी, आणि आमची म्हणजे ऐकीव. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून धूर करणाऱ्या बागाईतदाराचा फोटोही निफाडचाच. याला शास्त्रीय कारण आहे म्हणतात. निरभ्र रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते, गार हवा जड होते आणि नदीकाठच्या खोलगटात जाऊन बसते. गोदावरी-कादवेच्या काठचं निफाड तिला सोयीचं पडतं. आमचं सिन्नर त्यापेक्षा उंचावर. आमच्याकडं पारा तेवढा उतरत नाही, हे मी मान्य करतो. पण वारा? विश्रामगडाच्या डोंगररांगेवर पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या काय देखाव्याला? निफाडची थंडी एका जागी बसून राहते, आमची गावभर हिंडते. आणि हिंडता हिंडता तिला आडवा फाट्यावर मी भेटतो, धोतरात.

तर मी हिवाळ्यात धोतर नेसतो. उन्हाळ्यातही नेसतो, पण तेव्हा फारसं कोणी विचारत नाही. वय पन्नाशीच्या आसपास, डोक्यावर केस अजून आहेत, झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. म्हणजे दिवसभर अनोळखी माणसं समोर येऊन उभी राहतात आणि त्यांची आधार कार्डं मशीनखाली असेपर्यंत त्यांना दुसरा उद्योग नसतो. मशीन गरम व्हायला जरा वेळ घेतं. तेवढ्यात प्रश्न येतो, ‘थंडी नाही वाजत का?’

हा प्रश्न थंडीचा नसतो, हे कळायला मला एक हिवाळा लागला. तो दरवाज्यावरची टकटक असते. तुम्ही ‘वाजते की’ म्हणालात किंवा ‘नाही वाजत’ म्हणालात, तरी माणूस आत आलेलाच असतो. मग दुसरा प्रश्न, ‘आज काय विशेष?’ आज काहीच विशेष नाही, असं सांगितलं की तो दुकानात दुसरं कोणी नाही ना ते बघतो, काउंटरवर वाकतो आणि आवाज उतरवून विचारतो, ‘ऑपरेशन झालं का?’

कोणतं ऑपरेशन हे कोणी बोलत नाही. बोलायची गरजही नसते. पँट घालण्याच्या वयाचा पुरुष एकाएकी सैल वस्त्रात दिसला की आमच्या तालुक्यात त्याचं निदान ठरलेलं आहे. हर्निया, मूळव्याध, नाहीतर तिसरं एक, ज्याचं नाव हातवाऱ्यांनी सांगतात. सुरुवातीला मी नाही म्हणायचो. त्यानं सहानुभूती वाढायची, कारण लाजून लपवतोय असं वाटायचं. एका गृहस्थांनी तर स्वतःच्या टाक्यांचा साद्यंत इतिहास सांगितला, नाशिकरोडच्या एका डॉक्टरांचा नंबर माझ्याच दुकानातल्या कागदावर लिहून दिला आणि निघताना म्हणाले, ‘घाबरू नका, आता दुर्बिणीतून होतं.’ त्या कागदाचे पैसे मी लावले नाहीत.

ऑपरेशन नाही असं पटलं की मग निवडणूक. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, सोसायटी, पतसंस्था. आपल्याकडं कुठली ना कुठली निवडणूक कायम येऊ घातलेली असते, आणि धोतर नेसलेला माणूस इच्छुक असू शकतो. ‘मग तिकिटाचं कुठवर आलं?’ असं मला बँकेच्या रांगेत एका अनोळखी माणसानं विचारलं. मी नुसता हसलो. हसण्याचा त्यानं जो अर्थ काढायचा तो काढला आणि संध्याकाळपर्यंत मी कुठल्या गटाचा हेही ठरलं. तिसरा पर्याय माळकरी झाल्याचा. चौथा नवसाचा. पाचवा फार नाजूक असतो; त्यात विचारणारा आधी माझ्या डोक्याकडं बघतो, केस शाबूत आहेत म्हटल्यावर निर्धास्त होतो आणि मग म्हणतो, ‘नाही, म्हटलं घरात कोणी गेलं की काय.’

यातलं कुठलंही कारण सांगा, माणूस समाधानानं घरी जातो. चालत नाही ते एकच कारण, आणि ते म्हणजे खरं कारण. ‘मला आवडतं म्हणून नेसतो’ असं म्हटलं की समोरचा चेहरा एकदम कोरा होतो. आवडतं म्हणजे? आवड ही चहा, तमाशा, क्रिकेट, असल्या गोष्टींची असते. पुरुषाच्या कपड्याला आवड लागू होत नाही. त्याला लग्न लागतं, सण लागतो, पंथ लागतो, वय लागतं, नाहीतर व्याधी. हौसेनं धोतर नेसायला आपल्याकडं मुभा आहे, पण ती हौस तिथीवार पाहिजे. पाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून आणि धोतर नेसून बुलेटवर बसलेल्या इंजिनिअरला कोणी डॉक्टरचा नंबर देत नाही. तोच मंगळवारी तसा पंचायत समितीत गेला तर देतील.

तमिळनाडूत या प्रकरणी कायदाच केला आहे. २०१४ साली चेन्नईच्या एका क्लबात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून गेले म्हणून त्यांना आत सोडलं नाही. विधानसभेनं लगेच कायदा करून टाकला की वेष्टीवाल्याला अडवायचं नाही. आपल्याकडं अशा कायद्याचा उपयोग नाही. सिन्नरला आत सगळीकडं सोडतात. फक्त कारण सांगितल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत.

या सगळ्यात मला स्कॉटलंडच्या लोकांबद्दल जिव्हाळा वाटू लागला. त्यांचा किल्ट आणि आमचं धोतर यांची दुःखं एकाच घराण्यातली. त्यांनाही जगभरचे लोक आधी थंडीचं विचारतात आणि मग ‘आत काय असतं’ ते. वस्तुतः थंडीच्या हिशेबात ते आमच्यापेक्षा सुखी आहेत. किल्ट म्हणजे सात-आठ वार जाड लोकरीचं कापड, कमरेला गुंडाळलेलं, आणि खाली गुडघ्याला टेकणारे लोकरीचे मोजे. उघडा राहतो तो फक्त गुडघा. आमचं धोतर घोट्यापर्यंत पोचतं, पण सुती, आणि बऱ्यापैकी पातळ. त्यांच्या चुण्या मागं, आमच्या निऱ्या पुढं. म्हणजे वाऱ्याकडं पाठ करून त्यांनी उभं राहावं आणि तोंड करून आम्ही. एसटी स्टँडवर उभं राहताना मी हा नियम पाळतो. गाडी कुठल्या बाजूनं येते याला दुय्यम महत्त्व आहे.

गंमत म्हणजे आज दिसतो तो आखूड किल्टही फार पुरातन नाही. अठराव्या शतकात टॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज भट्टीवाल्यानं कामगारांच्या सोयीसाठी मूळच्या अंगभर गुंडाळायच्या वस्त्राचा खालचा अर्धा भाग वेगळा काढला, असं ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. आपला राष्ट्रीय वेश एका इंग्रजानं शिवला, हे स्कॉटिश माणसाला अजून पचलेलं नाही. त्यात स्कॉटलंडातल्या बंडानंतर १७४६ च्या कायद्यानं डोंगराळ मुलखातल्या पुरुषांना हा वेशच बंद केला. १७८२ साली बंदी उठली आणि १८२२ मध्ये खुद्द चौथा जॉर्ज एडिंबरोला किल्ट घालून गेला. पण राजाच तो. त्यानं किल्टच्या आत अंगाच्या रंगाच्या गुलाबी तंग विजारी घातल्या होत्या. लोक हसले. पुढं डेव्हिड विल्की या चित्रकारानं राजाचं त्याच वेशातलं चित्र काढलं तेव्हा विजारी सोयीस्करपणे गाळल्या आणि गुडघे उघडे दाखवले. चौथ्या जॉर्जबद्दल इतिहासात बरं फारसं लिहिलेलं नाही, पण थंडीत पाय राखण्याच्या त्याच्या विचाराला माझा पाठिंबा आहे. कारण मीही आतून थर्मल घालतो.

हे रहस्य फार दिवस टिकलं नाही. टेम्पोतून कागदाची रिमं उतरवताना मी पाय वर टाकला आणि निऱ्यांच्या फटीतून करड्या रंगाचं काहीतरी चमकलं. चहाच्या टपरीवर बसलेल्या मंडळींनी ते टिपलं. ‘आत पँट आहे की हो!’ या उद्गारात आनंद नव्हता, फसवणूक झाल्याची भावना होती. इतके दिवस ही माणसं माझ्या थंडीची काळजी वाहत होती, आपसांत पैजा लावत होती, आणि मी आतून ऊबदार होतो. एकानं तर ‘मग काय उपयोग’ असं म्हणून चहाचा ग्लास आपटला. कशाचा उपयोग, ते मी विचारलं नाही. मी त्यांच्यासाठी कुडकुडतोय असा त्यांचा समज झाला होता आणि तो मोडल्याचं मला थोडं वाईटही वाटलं.

आमच्यापासून देवळाली कॅम्प जवळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायतेहून येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या गोऱ्या पलटणी तिथं मुक्कामाला असत. बोटीची वाट बघत इतका काळ पडून राहावं लागे की इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला देवळालीचंच नाव पडलं. त्यांत स्कॉटिश शिपाईही असणार. एखाद्या डिसेंबरच्या सकाळी कोणी किल्टवाला कॅम्पाच्या कडेला उभा असेल आणि समोरून पंचा नेसून, डोक्यावर घोंगडी घेतलेला शेतकरी बैल हाकत येत असेल. दोघांच्याही नडग्यांवर काटा. दोघांनीही एकमेकांकडं बघून मनात एकच वाक्य म्हटलं असेल, आपापल्या भाषेत. मला त्या प्रसंगाची फार उत्सुकता आहे. विचारायची भाषा दोघांनाही येत नव्हती, म्हणूनच दोघंही सुखानं आपापल्या वाटेनं गेले असतील.

अर्थात अनोळखी माणसांची चौकशी निभावण्यात गांधीजींचा हात कोणी धरणार नाही. १९२१ साली मदुराईत त्यांनी पंचा स्वीकारला तो मदुराईच्या हवेत. खरी परीक्षा झाली दहा वर्षांनी लंडनला. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी सप्टेंबरात गेले ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत राहिले. पंचा, शाल, चपला. मुक्काम ईस्ट एंडच्या गरीब वस्तीत, किंग्जली हॉलमध्ये. पहाटे फिरायला निघाले की गल्लीतली पोरं त्यांची विजार कुठं राहिली म्हणून ओरडून विचारायची. विलायतेत तेव्हा गुडघ्याखाली लोंबणारी ‘प्लस फोर’ नावाची विजार चालत होती. बातमीदारांना त्यांनी सांगून टाकलं की तुमच्या त्या प्लस, माझ्या मायनस. नोव्हेंबरात त्याच वेशात राजवाड्यात गेले, आणि राजाच्या अंगावर दोघांना पुरतील एवढे कपडे होते, असं नंतर म्हणाल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. हे असलं मला जमत नाही. मला उत्तरं सुचतात ती गिऱ्हाईक पायरी उतरून गेल्यावर.

पण त्या दौऱ्यातला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. गांधीजी लँकेशायरला गेले. तिथल्या ब्लॅकबर्नच्या मागांवर वर्षानुवर्षं हिंदुस्थानासाठी धोतरं विणली जात होती आणि बहिष्कारानं त्या धंद्याला मोठा फटका बसला होता. त्यांच्याच पोटावर पाय देणारा माणूस समोर, आणि तरी गिरणी कामगारांनी, त्यांच्या बायकांनी त्याचं हसून स्वागत केलं. त्यांच्यात उभ्या असलेल्या गांधीजींचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. मला आपलं वाटतं, अख्ख्या इंग्लंडात त्या पंच्याकडं बघून ज्यांना नवल वाटलं नसेल असे हेच लोक. नवल काय वाटायचं? पन्हा किती, काठ किती, सुताचा नंबर कोणता, सगळं त्यांना पाठ.

आपल्याकडंही धोतर फार जुन्या काळातलं झालेलं नाही. यशवंतराव चव्हाण धोतर, कुर्ता, जाकीट, टोपी याच वेशात वावरले. चीनच्या युद्धात त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं ते नोव्हेंबर १९६२ मध्ये, म्हणजे नेमकं दिल्लीत थंडी पडायच्या बेताला. पुढच्या वर्षी लोकसभेवर गेले ते आमच्या नाशिकमधून, बिनविरोध. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं तेव्हा सगळीकडं म्हटलं गेलं. सह्याद्रीच्या पायांना थंडी वाजते का, हे कोणी विचारल्याची नोंद नाही. म्हणजे साठ वर्षांपूर्वी देशाचं संरक्षण धोतरात होत होतं आणि आज मी झेरॉक्स काढतो तर लोकांना डॉक्टर आठवतो.

धोतराचे फायदेही आहेत, नाही असं नाही. पहिला म्हणजे वय एकदम वाढतं. नाशिकच्या एसटीत मी चढलो की कॉलेजची पोरं उठून जागा देतात. एकदा कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आधी अदबीनं विचारलं, ‘बाबा, कार्ड आणलंय ना?’ पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, त्या योजनेला अमृत असं नाव आहे, आणि निव्वळ धोतराच्या जोरावर मी अमृताच्या इतक्या जवळ पोचलो होतो. पूर्ण तिकिटाचे पैसे दिले तेव्हा त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग तोच प्रश्न, ‘थंडी नाही वाजत का?’ शेजारच्या बाई अर्ध्या तिकिटात बसल्या होत्या. त्या खिडकीकडं बघत हसल्या.

तोटे मोटरसायकलवर. सोगा चाकात जाण्याची भीती. मागच्या चाकाला असते त्या जाळीला आपण साडी गार्ड म्हणतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत साडीचा उल्लेख नाही. मागं बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत, एवढंच म्हटलं आहे. म्हणजे कायद्यानं ती जाळी धोतराचीही आहे. मी मागंच बसतो, मुलगा चालवतो, आणि मोहदरी घाट उतरेपर्यंत मी दोन्ही हातांनी निऱ्या धरून बसलेला असतो. त्या वेळी कोणी ओळखीचं दिसलं तर नमस्कार मान हलवून करतो. मुलाला या साऱ्याची लाज वाटते का, हे मी त्याला विचारलेलं नाही. तो हेल्मेट मात्र घाटात पोचायच्या बराच आधी घालतो.

या चौकशीचा मला त्रास होतो, अशी तक्रार मी एकदा घरी केली. बायको तेव्हा पहाटेची ओटा धूत होती. साडी, वर स्वेटर, पायात अंगठ्याला फट असलेले मोजे आणि त्यावर स्लीपर. ती म्हणाली, ‘लग्न झाल्यापासून मी हिवाळा साडीवर काढतेय. मला विचारलं का एकानं तरी, थंडी वाजते का म्हणून?’

मी हे बरेच दिवस डोक्यात घेऊन हिंडलो. सिन्नर हे विड्यांचं गाव. आजही गल्ल्यागल्ल्यांतून बायका उंबऱ्यात, ओट्यावर, उन्हाचा कवडसा पडेल तिथं सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. तेंदूचं पान वाळलेलं चालत नाही, ते ओलसर ठेवावं लागतं. म्हणजे थंडीच्या सकाळी गार पानाशी बोटांचा खेळ, आणि पायांवर नुसतं लुगडं. त्यांच्यासमोरून मी धोतर सावरत जातो आणि त्याच मला विचारतात, ‘काय भाऊ, थंडी नाही वाजत का?’ एकीनं शेकायला जागाही करून दिली. तिच्या स्वतःच्या पायात काही नव्हतं. पण ते कोणाच्या डोळ्यात येत नाही, तिच्याही नाही. थंडी पायांना वाजते हे खरं असतं तर निम्म्या गावानं निम्म्या गावाला रोज सकाळी हा प्रश्न विचारायला पाहिजे. विचारतात फक्त मला. म्हणजे भानगड पायांची नाही, पँट नसल्याची आहे.

गोंदेश्वराच्या देवळात मी अधूनमधून जातो, तिथं या बाबतीत शांतता असते. यादवांच्या काळातलं पंचायतन. मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. भिंतींवर शेकडो आकृती, बहुतेकांच्या अंगावर कमरेपुरतं वस्त्र आणि बाकी दागिने. शतकानुशतकं सिन्नरचा वारा खाऊन उभ्या आहेत, कोणी चौकशी करत नाही. चारांतलं एक देऊळ सूर्याचं. आपल्या मूर्तिशास्त्रात उत्तरेकडच्या परंपरेच्या सूर्याला पायांत उंच बूट घालतात. सगळ्या मोठ्या देवांमध्ये पाय झाकायची सोय केली ती एकट्याची, आणि तो नेमका सूर्य! महादेव कैलासावर बसून व्याघ्रचर्मावर भागवतो आणि बूट कोणाला, तर ज्याला त्यांची सगळ्यांत कमी गरज त्याला. वाटप आपल्याकडं पहिल्यापासूनच असं आहे.

तिथं हल्ली लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. नवरदेव धोतरात असतो. रेडिमेड, शिवलेलं, कमरेला इलॅस्टिक, कुठं कुठं मागं चेनसुद्धा. पँटसारखं पायात घालायचं की झालं. दात वाजत असतात, पण फोटोग्राफर ‘स्माइल’ म्हणतो आणि तो हसतो. अशाच एका फोटोग्राफरनं मला बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, ‘काका, जरा मागून चालत जा ना, लोकल टच येईल.’ मी चाललो. पुन्हा चाललो, कारण पहिल्यांदा चालताना मी कॅमेऱ्याकडं बघितलं होतं. नवरदेवानं माझ्या धोतराला हात लावून बघितला आणि विचारलं, ‘हे तुम्ही सुट्टं कापड गुंडाळता? सुटत नाही?’ थंडीचं न विचारणारा तो पहिला माणूस. त्याच्या बापाला नेसता येत नव्हतं, आजोबांना येत होतं. आणि आजोबांनी कधी शिकवलं नाही, कारण घरात सगळ्यांना वाटायचं पोरगा शिकला-सवरलेला आहे, त्याला कशाला.

पौषात मात्र माझी चंगळ असते. वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची यात्रा, आणि नगरकडून येणाऱ्या दिंड्या आमच्या तालुक्यातून जातात. जानेवारीची पहाट, तोंडातून वाफा, आणि रस्त्यानं धोतरंच धोतरं. तेवढे दिवस मी गर्दीत मिसळून जातो. दुकानासमोरून जाताना कोणी ‘माउली’ म्हणतं, कोणी पाणी मागतं. प्रश्न विचारणारी गावकरी मंडळी या दिवसांत दिंडीला चहा पाजण्यात गुंतलेली असतात, आणि इतक्या उघड्या नडग्यांपुढं त्यांची उत्सुकताही दमत असावी.

गेल्या पौषात एक आबा पायरीवर टेकले. ऐंशीच्या पुढचे असावेत, टाचांना भेगा, गळ्यात वीणा नव्हती पण वागण्यात विणेकऱ्याचा रुबाब होता. मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून फुरका मारला आणि माझ्याकडं बघत राहिले. मी तयारीत होतो. पण थंडी, ऑपरेशन, तिकीट, काहीच आलं नाही. आबा म्हणाले, ‘हिकडं या.’ गेलो. त्यांनी बसल्या जागेवरून माझा कासोटा ओढून बघितला, तो सरळ हातात आला. मग उठले, भर रस्त्याकडं पाठ करून मला उभं केलं, कासोटा पुन्हा घट्ट खोचला, निऱ्या मोडून नव्यानं घातल्या, सोगा वर खोवून दिला. वारा लागायचा जवळजवळ थांबला. एवढे हिवाळे जे थर्मलनं केलं नव्हतं ते बोटांच्या चार चिमटींनी झालं.

मग काठ दोन बोटांत चोळून त्यांनी विचारलं, ‘जोडी केवढ्याला घेतली?’

मी आकडा सांगितला.

आबांनी बशी खाली ठेवली. ‘लुटलं त्यानं तुम्हाला,’ म्हणाले, आणि पुढच्या दिंडीतल्या एकाला हाक मारून माझा आकडा त्यालाही ऐकवला.